रानरेड्याच्या रायफलवरची दुर्बीण

अरुशातल्या वर्कशॉपमध्ये कामाला लागलो तेव्हा पहिल्या काही महिन्यांतच एक गोष्ट नजरेत भरली. सफारीवर येणाऱ्या शिकाऱ्यांपैकी कित्येकांच्या उजव्या भुवईवर चंद्रकोरीच्या आकाराचा व्रण असायचा. बारीक, रेखीव, कंपासने काढल्यासारखा. हा व्रण दुर्बिणीचा. गोळी सुटते, रायफल मागे येते आणि दुर्बिणीची मागची कड भुवईवर आपटते. कातडी फाटते, रक्त थेट डोळ्यात उतरतं. समोर हरीण असेल तर रुमाल बांधून खाली बसता येतं. समोर सातशे किलोचा रानरेडा असेल आणि गोळी चार बोटं इकडेतिकडे लागली असेल, तर त्या शिकाऱ्याच्या आणि शेजारी बिनहत्यारी उभ्या असलेल्या माग काढणाऱ्याच्या, दोघांच्याही जिवावर बेततं.

मी मूळचा लेथवरचा माणूस. टांझानियात गेलो ते यंत्रं दुरुस्त करायला. बंदुकांकडे वळलो ते तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरामुळे. स्वाहिलीत कारागिराला फुंडी म्हणतात, म्हणून आम्ही सगळे त्यांना फुंडीच म्हणायचो. पुढे जे सांगतोय त्यातलं बरंचसं त्यांच्या हाताखाली शिकलेलं आहे.

आधी कायद्याचं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा शिकारीचा विषयच संपवला, आणि ते योग्यच झालं असं मी मानतो. केनियानेही १९७७ मध्ये शिकार बंद केली. टांझानिया, झांबिया, झिंबाब्वे, मोझांबिक, नामिबिया, दक्षिण आफ्रिका इथे मात्र ती परवान्यावर आणि ठरवून दिलेल्या संख्येत आजही चालते. ती असावी की नसावी, हा मोठा वाद आहे आणि दोन्ही बाजूंना विचार करणारी माणसं आहेत. माझं म्हणणं एवढंच, की जिथे ती होते तिथे जनावर पहिल्याच गोळीला पडलं पाहिजे. जखमी होऊन झुडपात शिरलेला रानरेडा दिवसभर तडफडतो, आणि त्याच्या मागावर जाणारी माणसं पगारावर असतात, हौसेवर नसतात.

'धोकादायक जनावर' हा तिकडचा रूढ शब्द आहे. त्यात हत्ती, रानरेडा, सिंह, बिबट्या आणि गेंडा येतात. पाणघोडा आणि मगर यांनाही बरेच जण त्यातच धरतात. यांतल्या हत्ती-रानरेड्यासारख्या मोठ्या जनावरांसाठी बऱ्याच देशांत .३७५ हीच किमान रायफल धरतात (हा आकडा म्हणजे गोळीचा व्यास, इंचात). .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम हे काडतूस १९१२ चं, .४१६ रिग्बी १९११ चं, .४५८ विंचेस्टर मॅग्नम १९५६ चं. शंभर वर्षांपूर्वी या रायफलींवर दुर्बीण क्वचितच असायची. नळीवर मागे पसरट इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच, टोकाला पांढरी किंवा सोनेरी माशी, आणि खाचेत माशी बसवून नेम. आज .३७५ आणि .४१६ वर दुर्बीण सर्रास दिसते. कारण सरळ आहे: झाडीच्या सावलीत काळ्या कातडीवर नेमकी जागा शोधायला काच मदत करते, आणि चाळिशी उलटलेल्या डोळ्याला खाच, माशी आणि जनावर या तिन्ही गोष्टी एकदम स्पष्ट दिसत नाहीत.

आता निवडीकडे येऊ. आपल्या डोक्यात दुर्बीण म्हणजे लांबचं जवळ आणणारी वस्तू. त्यामुळे नवखा माणूस दुकानात गेला की जास्त मोठं दाखवणारी उचलतो. रानरेड्यावर गोळी साधारण चाळीस ते ऐंशी मीटरवरून झाडली जाते, हत्तीवर वीस-तीस मीटरवरूनसुद्धा. एवढ्या अंतरावर मोठं दिसणं हीच अडचण होते. सहापट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून शंभर मीटरवर साधारण सहा-सात मीटर रुंदीचं दृश्य दिसतं. म्हणजे दहा मीटरवर साठ-सत्तर सेंटिमीटर. रेडा आडवा उभा राहिला तर अडीच मीटरहून लांब असतो. त्या दुर्बिणीत तुम्हाला दिसणार फक्त काळं. खांदा आहे, पोट आहे की मांडी, काही कळत नाही. तीच दुर्बीण एकपटीवर आणली की दहा मीटरवर साडेतीन-चार मीटरचं दृश्य मिळतं. रेडा अख्खा दिसतो, त्याच्या शेजारचं झुडूपही दिसतं, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो.

चाल करून येणारा रेडा ताशी पन्नास किलोमीटरपर्यंत वेग गाठतो. तीस मीटर अंतर म्हणजे जेमतेम दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत काचेत शोधाशोध करायला वेळ नसतो.

म्हणून अशा रायफलवर एक ते चारपट, एक ते सहापट किंवा दीड ते पाचपट अशी बदलती दुर्बीण बसवतात. ल्यूपोल्ड, स्वारोव्स्की, श्मिट अँड बेंडर, झाइस, ट्रायजिकॉन या सगळ्यांकडे ती मिळते. आणि तिथली पक्की शिस्त अशी: चालताना दुर्बीण कायम सर्वांत कमी पटीवर. काठ्यांच्या तिपाईवर रायफल टेकली, जनावर ठरलं, वेळ आहे, तेव्हाच पट वाढवायची, आणि गोळी झाडली की पुन्हा कमी करायची. ही सवय हाताला घरीच लावावी लागते. रेडा समोर असताना ती आठवत नाही.

पुढच्या भिंगाच्या आकारावरून फार गैरसमज आहेत. सोपा हिशोब असा: पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, म्हणजे डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी. २४ मिलिमीटरचं भिंग, चारपट, म्हणजे ६ मिलिमीटरचा झोत. उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटर उघडी असते, अंधारात तरुण डोळ्याची सातपर्यंत आणि वय झाल्यावर पाचच्या आसपास. म्हणजे रानरेड्यासाठी २४ चं भिंग भरपूर झालं. शिवाय अशा दुर्बिणीला पुढे घंटेसारखा फुगवटा नसतो, सरळ नळी असते, त्यामुळे ती रायफलला चिकटून खाली बसवता येते आणि वजनही वाचतं.

अपवाद बिबट्याचा. तिकडे त्याला चुई म्हणतात. झाडावर आमिष टांगतात, साठ-सत्तर मीटरवर आडोसा करून बसतात, आणि तो येतो दिवेलागणीला, कधी कधी अगदी शेवटच्या उजेडात. तिथे ४२ ते ५६ मिलिमीटरचं भिंग आणि थोडी जास्त पट कामी येते. मगरीचंही तसंच: मेंदू एवढासा, नेम अगदी नेमका हवा, म्हणून पट जास्त. एकाच रायफलवर दोन्ही कामं करायची असतील तर दोन दुर्बिणी, दोन्हींना आपापल्या काढता-घालता येणाऱ्या रिंगा (दुर्बिणीला रायफलवर धरून ठेवणाऱ्या गोल पकडी), हा सर्वांत शहाणा उपाय.

दुर्बिणीच्या आत नेम दाखवणाऱ्या रेघांचा मुद्दा लहान आहे पण महत्त्वाचा. बारीक काळी रेघ काळ्या रेड्यावर, सावलीत, दिसतच नाही. रेघा जाड हव्यात, आणि मधोमध पेटणारा लाल ठिपका असेल तर उत्तम. बॅटरी संपली तरी रेघा दिसल्या पाहिजेत, एवढं मात्र खरेदी करताना बघा.

आता भुवईकडे परत येऊ. डोळा आणि दुर्बिणीची मागची काच यांत जे अंतर ठेवून पूर्ण दृश्य दिसतं, ते या रायफलींसाठी किमान ९० मिलिमीटर तरी हवं; १०० असेल तर आणखी चांगलं. पण नुसती दुर्बीण चांगली असून भागत नाही. तिला रिंगांमध्ये पुढे-मागे कुठे बसवलं, यावर सगळं आहे. फुंडी गिऱ्हाइकाला आधी उभं करायचे. शिकारीला जे जाकीट घालणार तेच घालायला लावायचे. डोळे मिटून रायफल खांद्याला लाव, गाल टेकव, आता डोळे उघड. दृश्य पूर्ण गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. कडेला काळी सावली दिसली तर दुर्बीण पुढे किंवा मागे सरकवायची. हे सर्वांत जास्त पटीवर करायचं, कारण बऱ्याच दुर्बिणींत पट वाढली की हे अंतर थोडं कमी होतं. मग त्याला खुर्चीत बसवून, पुढे वाकून टेबलावर नेम धरायला सांगायचे. तेव्हा डोळा आपोआप पुढे सरकतो. भुवया फुटतात त्या बहुतेक अशाच वेळी, टेबलावर किंवा चढावर नेम धरताना. दोन्ही स्थितींत भुवईसमोर मोकळी जागा राहिली की मगच स्क्रू आवळायचे.

स्क्रू. माझ्या मते सगळा विषय इथे येऊन थांबतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

.३७५ ची ३०० ग्रेनची गोळी म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास. ती सेकंदाला साधारण ७६० मीटर वेगाने नळीतून निघते. तिच्यामागून साडेचार-एक ग्रॅम दारूचा वायू आणखी जास्त वेगाने बाहेर पडतो. या दोघांची मिळून जी उलट ढकल बसते, ती सव्वाचार किलोच्या रायफलला सेकंदाला जवळपास पाच मीटर वेगाने मागे फेकते. आणि हे होतं सेकंदाच्या दोन-एक सहस्रांशात. दुर्बिणीला मात्र कुणीच ढकललेलं नसतं. ती बिचारी जागच्या जागी राहू पाहते. तिला रायफलबरोबर ओढून नेण्याचं काम रिंगा करतात, रिंगांना ओढायचं काम खालच्या बैठका करतात, आणि बैठकांना धरून ठेवतात चार लहान स्क्रू. मी कागदावर हिशोब मांडला तेव्हा चारशे ग्रॅमच्या दुर्बिणीसाठी ही ओढ सरासरी शंभर किलोच्या आसपास आली. सातशे ग्रॅमच्या दुर्बिणीसाठी पावणेदोनशेच्या जवळ. .४५८ वर त्याहून जास्त. प्रत्येक गोळीला. हलकी दुर्बीण घ्या असं का म्हणतात, ते या आकड्यांवरून समजतं.

बऱ्याच जणांना वाटतं, धक्क्याने दुर्बीण मागे सरकते. उलट आहे. रायफल तिच्याखालून मागे पळते, म्हणजे रिंगांच्या हिशोबाने दुर्बीण पुढे सरकते. म्हणून आडव्या खाचांच्या पट्टीवर रिंग बसवताना तिला आधी नळीच्या तोंडाकडे, खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकेपर्यंत दाबायचं आणि मग आवळायचं. ही एवढीशी जागा सोडली तर पहिल्या चार-पाच गोळ्यांत रिंग स्वतःच ती भरून काढते आणि नेम हलतो.

बैठका पोलादी हव्यात. कारखान्यातून येणाऱ्या बऱ्याच रायफलींवर बैठकीचे स्क्रू साडेतीन मिलिमीटर व्यासाचे असतात. जाड काडतुसाच्या रायफलवर कारागीर ती भोकं मोठी करून चार मिलिमीटरहून किंचित जाड स्क्रूचे नवे आटे पाडतात. व्यासातला फरक किरकोळ वाटतो, पण पोलादाचा छेद जवळजवळ चाळीस टक्क्यांनी वाढतो. फुंडींच्या टेबलावर एका काचेच्या बरणीत तुटलेले स्क्रू ठेवलेले होते, डोकं एकीकडे आणि दांडा एकीकडे. नवीन पोरगा कामाला आला की ते बरणी त्याच्या हातात देऊन फक्त हलवायला सांगायचे.

सर्वांत भक्कम व्यवस्था कुठली विचाराल, तर जिथे बैठक वेगळी नसतेच. झेक ब्रनो झेडकेके ६०२ आणि तिच्यामागून आलेली सीझेड ५५० यांच्या पोलादी माथ्यावरच (काडतूस आत-बाहेर करणारा सरकता दांडा, म्हणजे बोल्ट, ज्यात चालतो त्या भागावर) रिंगांसाठी उतार कोरलेले असतात. रुगरच्या एम ७७ सारख्या रायफलींवरही बैठक त्याच पोलादातून घडवलेली असते. तुटायला तिथे स्क्रूच नाही.

आवळताना हाताच्या अंदाजावर जाऊ नका. मी गेलो होतो. तरुणपणाचा जोर, हातात ॲलन की, घट्ट म्हणजे चांगलं ही समजूत. रिंगचे वरचे स्क्रू मी असे पिळले, की दुर्बिणीची ॲल्युमिनियमची नळी किंचित चेपली. डोळ्याला दिसत नव्हतं. पण पट बदलायची कडी, जी आधी लोण्यासारखी फिरायची, ती मध्येच अडखळायला लागली. फुंडींनी ती एकदा फिरवली आणि काही न बोलता रिंग सोडली. नळीवर केसाएवढी रेघ उमटली होती. त्या गिऱ्हाइकाला नवी दुर्बीण भरून द्यावी लागली. तेव्हापासून टॉर्कचा पाना, म्हणजे किती जोराने आवळतोय ते मोजणारा. रिंगच्या स्क्रूला साधारण दोन न्यूटन-मीटर, बैठकीच्या स्क्रूला त्याहून थोडं जास्त; बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच धरायचा. स्क्रू आणि आटे आधी स्पिरिटने पुसून तेल काढायचं. बैठकीच्या स्क्रूला निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव), एकच थेंब. रिंगच्या स्क्रूंना काहीही लावायचं नाही, कारण ओलं असलं की तोच आकडा जास्त दाब देतो. आणि पुढच्या बैठकीचा स्क्रू लांब तर नाही ना, हे बघायचं. तो आत उतरला तर बोल्टला घासतो आणि बोल्ट जड चालतो.

मॅग्नम रायफलींचा माथा लांब असतो, त्यामुळे दोन रिंगांमधलं अंतरही जास्त असतं. छोट्या दुर्बिणीची नळी कधी कधी तिथपर्यंत पोचतच नाही. दुर्बीण विकत घेण्याआधी पट्टी घेऊन मोजा.

एकदा एक रायफल तक्रार घेऊन आली: पटापट बोल्ट चालवला की रिकामं काडतूस बाहेर न पडता आत परत येतं. स्प्रिंग बदला, असं गिऱ्हाइकाचं म्हणणं. फुंडींनी दुर्बीण उजेडात धरली आणि उजव्या बाजूच्या टोपणावर बोट ठेवलं. काळ्या टोपणावर पिवळे पितळी ओरखडे होते, आठ-दहा, सगळे एकाच जागी. डाव्या-उजव्या नेमाचं बटण त्या टोपणाखाली असतं आणि ते बरोबर काडतूस उडून जाण्याच्या वाटेवर येतं. .३७५ चं रिकामं काडतूस ७२ मिलिमीटर लांब. ते टोपणावर आपटून परत आत पडत होतं. स्प्रिंगचा दोष नव्हताच. आम्ही दुर्बीण डावीकडे पाव वळसा फिरवून बसवली, त्यामुळे उजवी बाजू मोकळी झाली. बटणांच्या कामाची अदलाबदल होते, खुणांचा अर्थ बदलतो, आणि रेघा चारी बाजूंनी सारख्या असतील तरच हे जमतं. पण दुसरी गोळी नळीत जाते. खोटी काडतुसं भरून, उभं राहून, जोरात बोल्ट चालवून ही परीक्षा घरीच घ्यावी.

काढता-घालता येणाऱ्या रिंगांबद्दल. टॅली, वॉर्न, रेकनागेल यांच्या खटक्याच्या रिंगा मिळतात. जर्मनीतल्या सूल गावच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आकड्याच्या रिंगा तर हाताने कानशीने घासून बसवाव्या लागतात. जखमी बिबट्याच्या मागावर दाट झाडीत शिरताना दुर्बीण काढून खिशात टाकतात आणि माशीवर नेम धरतात. काच फुटली, पाऊस आला, तरीही तेच. म्हणून खालची खाच आणि माशी शोभेची नसावी. दुर्बीण काढून, माशीवर नेम धरून पन्नास मीटरच्या आत गोळ्या झाडून बघितलेल्या असाव्यात. दुर्बीणही काढून, परत लावून, परत कागदावर झाडून बघायची. पुन्हा त्याच जागी गोळ्या पडल्या तरच त्या रिंगांना अर्थ आहे. रायफलचा दस्ता माशीच्या उंचीला बेतलेला असतो, त्यामुळे दुर्बीण जितकी खाली बसेल तितका गाल दस्त्याला टेकलेला राहील. उंच बसवली की मान ताणावी लागते, आणि ताणलेल्या मानेने धक्का नीट पेलत नाही.

सफारीच्या कॅम्पवर पोचल्यावर पाहुण्याला सगळ्यात आधी कागदावर गोळ्या झाडायला लावतात. विमानातल्या आदळआपटीनंतर नेम कुठे आहे, ते बघायला. पण त्यानंतरही रोज सहा-सात तास लँड क्रूझर नालीदार पत्र्यासारख्या रस्त्यावरून थडथडत जाते आणि रायफल मागच्या घोडीवर हलत असते. ती थडथड स्क्रूंना धक्क्याइतकीच वाईट.

यावर फुंडींचा उपाय पाच रुपयांचाही नव्हता. स्क्रू आवळून झाले की ते बायकोच्या लाल नेलपॉलिशने स्क्रूच्या डोक्यावरून रिंगवर एक सरळ रेघ ओढायचे. स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. एका रेड्याच्या शिकारीला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो, तेव्हा पहाटे गाडीतून उतरल्यावर माग काढणारा म्हातारा आधी शिकाऱ्याकडे गेला. रायफल हातात घेतली, बोल्ट उघडून ती रिकामी असल्याची खात्री केली, टॉर्च लावली आणि वाकून त्या लाल रेघा एकेक करून बघितल्या. मग रायफल परत दिली आणि वाळूत उमटलेल्या खुरांकडे वळला.